एप्रिल : आत्याबाईंना बाहेर काढणे

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, घराबाहेर काढायला मी एप्रिल महिना नेमला होता.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी चित्रकार झाले. (म्हणजे माझ्यापुरती! घरात दुसरं कोणी मानत नव्हतं.) हिर्डोशीतला आमचा रिकामा गोठा सारवून त्याचा स्टुडिओ केला. भोरला ज्यांच्याकडं चित्रं शिकायला जायची, त्या मॅडम म्हणाल्या, "वर्षाची उद्दिष्टं लिहून भिंतीवर लावा. त्याशिवाय कलेला शिस्त येत नाही." मी जानेवारीतच लावली. लाल रंगात, हाताएवढ्या अक्षरांत :

"फेब्रुवारी : विहीर काढणे. मार्च : ह्यांना काढणे. एप्रिल : आत्याबाईंना बाहेर काढणे. मे : सगळ्यांना टांगणे."

'चित्र' हा शब्द मी वाचवला. चित्रकाराच्या भिंतीवर तो वेगळा कशाला लिहायचा! असं आपलं मला वाटलं.

दोन दिवसांनी सकाळीच अंगणात पाणाड्या उभा, हातात नारळ घेऊन. जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगायला ह्यांनीच बोलावलेला.

"वहिनी, हीर कुठं काढायची?"

"कागदावर."

"आन खरी?"

"खरी कशाला? कागदावरच झ्याक दिसती!"

तो ह्यांच्या कानाशी लागला, "सरकारी हाय व्हय?"

ह्यांचं तोंड आधीच उतरलेलं. "आन मला मार्चात काढनार म्हनं? कुठं?"

"खाटंवर. लोळताना. दोन तासांत काढीन, तुमाला कळायचं बी न्हाई!"

"मे मधी टांगनार?"

"व्हय, ओटीवर. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसाया पायजे न्हवं!"

हे तीन पावलं मागं सरकले. त्यांना काय झालंय ते मला कळेना, मला काय झालंय ते त्यांना कळेना. पाणाड्याला मात्र सगळं कळलं असावं, कारण तो नारळासकट पळाला.

एवढ्यात आत्याबाई आल्या. गोठ्यात कोंबडीची अंडी शोधायला गेल्या होत्या, त्या भिंत वाचून आल्या. (चौथीपर्यंतची शाळा, नको तिथं कामी आली!) काखेत गाठोडं. येऊन पायरीवर बसल्या.

"आत्याबाई, कुठं निघालात?"

"विंझरला, लेकीकडं. एप्रिलपातुर कशाला खोळंबा?"

रुसलेला चेहरा, भरून आलेले डोळे, गालावर तिरकं ऊन! शहाण्या सुनेनं पाय धरले असते. मी कोळसा आणि कागद आणायला धावले.

"हालू नका, आत्याबाई! आत्ताच काढते तुमाला!"

"अगं भवाने, यष्टी यीस्तवर तरी दम धर की!"

"यष्टीच्या आत काढते!"

"आईला हात लावून तर बघ!" हे मधे आडवे झाले. मी ह्यांच्या काखेखालून बघून बघून कोळसा ओढत होते. काढून झाल्यावर कागद दोघांच्या नाकासमोर धरला. "ह्ये बघा की! अशी भाईर उन्हात बसवून काढायची म्हनत हुते!"

ह्यांनी कागद बघितला आणि अंगणातच बसकण मारून हसत सुटले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला, उलटा धरला.

"ही कोन?"

"तुमी."

"आन ह्यो वांग्याचा देठ?"

"नाक."

तेवढ्यात एस्टी आली. कंडक्टर ओरडला, "आज्जे, येती का?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि गाठोड्याची गाठ सोडली.

"जा रं बाबा तू. हिला माजं नाक जमंस्तवर म्या हितनं हालत न्हाई!"

त्यानंतर त्या अकरा वर्षं माझ्यापाशीच राहिल्या. दर जानेवारीला भिंतीवर माझं एकच उद्दिष्ट असायचं. आता त्या नाहीत, मीच आजी झाले आणि नाक अजून यायचंय!