कवितेतला मामा

‘‘शी! सख्ख्या मामाशी?’’

कुणाचा तरी माइक बंद करायचा राहिला होता. पाठोपाठ चार-पाच जणींचं दाबलेलं हसू. मी कुंभकोणमला, माझ्या स्वयंपाकघरात. फोन इडलीच्या भांड्याला टेकवलेला, त्यामुळे त्यांना माझा निम्माच चेहरा दिसत होता. बरं झालं. कविता अर्ध्यावर होती. तिथेच थांबले.

पन्नाशी ओलांडलेली बाई. कवयित्री व्हायला निघाली होती!

पुण्याकडचा कवितेचा गट आहे. दर सोमवारी फोनवर एक शब्द येतो. त्यावर लिहून आधी पाठवायचं, रविवारी व्हिडिओवर जमून वाचायचं. ‘थंडी’ आला तेव्हा मी फ्रिजचं दार उघडून उभी राहिले. आमच्याकडे थंडी तिथेच असते. गट चालवणारे सर म्हणाले, ‘‘ताई, तुमची तंजावरी मराठी किती गोड! संग्रहालयात ठेवावी अशी.’’ मी धन्यवाद म्हटलं. महिनोन्महिने म्हणत राहिले. गोड म्हणवून घ्यायचाही शीण येतो. उशिरा येतो, एवढंच.

मग शब्द आला, ‘माहेर’.

आमच्यात मामा-भाचीचं लग्न चालतं. पिढ्यानपिढ्या तमिळ देशात राहून ते अंगात मुरलंय. मला आईच्या धाकट्या भावाला दिली. मीही हो म्हटलं होतं. मामा चांगला, ओळखीचा. आजोळ तेच सासर, आजी तीच सासू. सगळे म्हणाले, पोरीचं नशीब, परक्या घरी जायला नको. पहिलं भांडण झालं तशी पिशवी भरून मेलकावेरीला आईकडे गेले. आईनं कॉफी दिली आणि म्हणाली, ‘‘माझ्या भावास बोलूं नको.’’ कॉफी प्यायले, परत आले. कॉफी बरी होती. पिशवी पुन्हा भरली नाही.

हेच लिहिलं होतं. दुसरं काही नाही.

सर म्हणाले, ‘‘ताई, भावना पोहोचली. फक्त मामा तेवढा काढू. आमच्याकडे लोकांना हे वाचवत नाही. मी जरा हात फिरवलाय, ऐका.’’

आणि वाचली. त्यात बैलगाडी होती. मी बैलगाडीत कधी बसलेली नाही. वेशीपाशी डोळे पुसणारी आई होती. नवऱ्याच्या जागी ‘धनी’. लेक माहेरी येते, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडते. खाली माझं नाव. मघा हसलेल्या बायकांनीच टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, ‘‘दिवाळी अंकात घेऊ.’’

नवरा दारात बसून शेंगा सोलत होता. हळूच म्हणाला, ‘‘असूं दे कीं ग धनी. मामा होऊन मला तरी काय मिळालें?’’

मला हसू आलं. मग आलं नाही.

फोन हातात घेतला. चेहरा पूर्ण दिसू दिला.

‘‘सर, तुमच्या कवितेतली बाई आईच्या मांडीवर रडते. मला तेवढं मिळालं असतं तर कविता कशाला लिहिली असती?’’

‘‘ताई, रागावू नका, तुमच्या भल्यासाठीच—’’

‘‘माझं नाव काढा त्याखालचं.’’

आता सगळ्यांचे माइक बंद होते.

दमलेय मी. या लग्नाशी माझं भांडण आहे. आईशी आहे, आजीशी आहे, शेंगा सोलणाऱ्या या माणसाशीही आहे. ते मी भांडेन, माझ्या घरात, माझ्या मराठीत. त्यावर नाक मुरडायचा हक्क मी कुणाला दिलेला नाही. आणि माझं दुःख पुसून तिथे तुमचं गोंडस दुःख चिकटवायचा तर नाहीच नाही.

गट सोडणार नाही. नवा शब्द आलाय, तो थांबेल. येत्या रविवारी आधी ‘माहेर’ वाचणार. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी उठून जावं. मी उठणार नाही.