मावशीचं एकच वाक्य

आमच्या मावशीनं एका सिनेमात काम केलंय. मीही केलंय, पण माझं फक्त टक्कल दिसतं, तेव्हा ते सोडून देऊ.

झालं असं, की लोणावळ्यात, तुंगार्लीला आमच्या शेजारच्या बंगल्यात शूटिंग आलं. सिनेमाची गोष्ट सुट्टीवर आलेल्या सात अनोळखी माणसांची. रस्ता खचतो, सगळे एकाच बंगल्यात अडकतात आणि म्हणे प्रेक्षक पोट धरून हसतात. मावशी त्या दिवशी तिच्या गावाहून, औंढ्याहून वालाच्या शेंगा द्यायला आली होती. बंगला सांभाळणाऱ्या बाईचं काम करणारी ऐनवेळी आजारी पडली, आणि दिग्दर्शकाची नजर आमच्या फाटकातल्या मावशीवर गेली.

वाक्य एकच होतं : ‘पाणी तापलंय, आंघोळी उरका.’ मावशीनं ते पहिल्या फटक्यात म्हटलं. फक्त पुढं जोडलं, “आन् साबन पान्यात ठिवू नका, इरघळतो.”

“मावशी, लिहिलंय तेवढंच बोला.”

“लिवनाऱ्यानं कदी सात मान्सांचं पानी तापवलंय का?”

पाच वेळा घेतलं, पाचही वेळा साबण आला. सहाव्यांदा दमून ती निमूट तेवढंच बोलली.

सिनेमा लागला तेव्हा मावशीनं शेजारच्या बायका पिकअपमध्ये घालून लोणावळ्याला आणल्या. थिएटरच्या दारात मला बाजूला घेऊन म्हणाली, “आख्ख्या गावाला सांगून बसलेय, मी बोलते म्हनून. वाक्य कापलं असलं तर वरच्या आळीतनं कुटल्या तोंडानं जाऊ रे?”

सिनेमा सुरू झाला. कुणी हसेना. एक जण चिखलात पडला, मग दुसरा पडला, मग तिसरा पडणार हे ओळखून आमच्या मागचा माणूस झोपला. पडद्यावरचे सात जण आणि आम्ही, सगळेच सुटकेची वाट बघत होतो. मध्येच जिन्यावरून माझं टक्कल गेलं. बायकोला कोपर मारेपर्यंत ते खाली उतरलं होतं.

आणि मावशी आली! पडदाभर मावशी, हातात बादली. तिनं तोंड उघडलं आणि आतून बातम्या देणाऱ्या बाईसारखा नाजूक, तुपाळ आवाज आला, “पाणी तापलेलं आहे. आपण सर्वांनी स्नान उरकून घ्यावं.” मावशीचं तोंड मिटलं तरी आवाज थोडा वेळ चालूच होता.

तिनं माझं मनगट आवळलं. “ह्यो माझा आवाज न्हाई.”

मी तावातावानं उठलो. उठून काय करणार होतो, देव जाणे. तेवढ्यात मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. “मावशी, लय ग्वाड बोलला!”

“बस खाली,” मावशी पुटपुटली. “आन् गप.”

मध्यंतरात एकीनं वडापाव खाता खाता विचारलंच, “पर मावशी, एरवी तुमी असं बोलत न्हाई.”

मावशीनं पदर सारखा केला.

“एरवी म्होरं कॅमेरा असतो व्हय गं?”

इज्जत वाचली. पण बायकांना तो आवाज पुन्हा ऐकायचा होता, आणि मावशी हरणाऱ्यातली नाही. पुढच्या रविवारी ती आमच्याकडे आली ती माझ्या मुलीकडून ‘सनान’चं ‘स्नान’ करून घेऊनच परतली.

गेल्या आठवड्यात औंढ्याला गेलो. अंगणात चारजणी मावशीला घेरून बसल्या होत्या. मला पाहून ती नाजूक आवाजात म्हणाली, “यावं. आपण चहा घ्यावा.”

“नको मावशी, घाईत आहे.”

ती हसतमुखानं फाटकापाशी आली आणि माझा दंड धरून दातओठ खात कुजबुजली, “मुकाट आत ये, मेल्या. सकाळधरनं असंच बोलतेय. ह्या उठंस्तवर जरा तू बोल त्यांच्यासंगं, माझा जबडा दुखाया लागलाय.”