मोबाईलवरचे सर आणि भगतबाबांचे तांदूळ

गणिताच्या तासाला माझ्यासाठी भगत बोलवावा लागला होता.

झालं असं. नववीत माझी शाळा सुटली, मग लग्न, मग चिंगी. मग बाहेरून दहावीला बसले आणि गणितात उडाले. सासूबाई म्हणाल्या, "आता शेवटचं हां! या टायमाला उडालीस तर पुस्तकं चुलीत." पेपर चार दिवसांवर, आणि संभाव्यता म्हणजे काय ते मला अजून माहीत नाही!

नवरा ठाण्याला बिल्डिंगच्या कामाला. तो फोनवर म्हणाला, "अगं, मोबाईलवर फुकट शिकवतात. लाईव्ह तास असतो. लिंक टाकतो, दाब आणि बस."

जामसरला आमच्या पाड्यावर रेंज फक्त टेकाडावरच्या खडकावर. तर मी डोक्यावर पदर घेऊन (सरांसमोर जायचं ना!), चिंगीला काखोटीला मारून खडकावर जाऊन बसले. मोबाईल दगडाला टेकवला. सर आले, फळा आला, बाजूला सगळ्यांची नावं आली, त्यात माझंपण नाव! नाव दिसतंय म्हणजे सरांना मीपण दिसतेय!

शाळेतल्या आमच्या सरांकडं निरगुडीची काठी असायची. ते "समजलं?" विचारायचे आणि आम्ही सगळ्या पोरी "होओओ!" समजलेलं कुणालाच नसायचं. हे सर निराळेच. एकच गणित तीनदा सांगितलं, तेपण हसत! कुणी उशिरा आलं तर "या, या, बसा." मला वाटलं, असा माणूस फुकट कसा मिळतो?

पण तीनदा सांगूनही माझ्या डोक्यात शिरेना. विचारायचं तर हात वर करायचा, एवढं मला शाळेनं शिकवलेलं. केला वर. सर बघेनात. आणखी ताठ केला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हात खाली घेतला तर सर ओरडतील म्हणून हललेच नाही. चिंगीनं वहीचं पान खाल्लं, तरी हलले नाही! नुसती पुटपुटत होते, "सर... ओ सर..."

तेवढ्यात सासूबाई लाकडाची मोळी घेऊन त्या वाटेनं आल्या. बघतात तर सून खडकावर, एक हात आभाळात, डोळे फाटलेले, ओठ हलतायत.

"आगं बाय! हिच्या अंगात आलं!"

मी डोळे वटारून खुणावलं, गप बसा. झालं! मोळी तिथंच टाकून त्या भगतबाबांना आणायला पळाल्या. बाबा आले सुपात तांदूळ घेऊन, मागं अर्धा पाडा.

"कोण हाय तू? बोल! काय पायजे तुला?"

"बाबा, तास चाललाय!" मी दात आवळून म्हणाले.

"काय पायजे ते बोल!"

"संभाव्यता पायजे!"

सासूबाईंनी हंबरडाच फोडला, "असलं काय आमच्या घरात नाय हो!"

या गडबडीत चिंगीनं मोबाईलवर थाप मारली आणि माझा माईक चालू झाला. आमचा पाडा सगळ्या वर्गाला ऐकू जायला लागला!

"सुनंदाताई, तुम्ही बोलताय का?" मोबाईलमधून सर म्हणाले.

मी रडतच सांगितलं, "सर, मी मघापासून हात वर केलाय!"

"ताई, तुमचा कॅमेरा बंद आहे. मला नुसतं नाव दिसतंय."

(धरणी पोटात घेईल तर बरं! खांदा तर केव्हाच गेला होता.)

पण सर हसले नाहीत हो. म्हणाले, "काय अडलं?"

"सगळंच."

"बरं. तिथं गडबड कसली आहे?"

"भगतबाबा आलेत, सर. तांदूळ घेऊन."

शाळेत असं बोलले असते तर काठी मोडली असती माझ्यावर. हे सर म्हणतात, "वा! बाबा, तांदळाचं काय करता तुम्ही?"

बाबा मोबाईलवर वाकले. "चिमूट उचलतो, दोन दोन मोजतो. जोडी लागली तर माणूस बरा होणार. एक उरला तर नाय."

"मग जोडी लागायची शक्यता किती?"

"अर्धी अर्धी," बाबा म्हणाले. "माझं पोट जलमभर त्याच्यावरच चाललंय."

"ताई, हीच संभाव्यता! एक छेद दोन!"

आणि शिरलं की हो डोक्यात! मी झटकन हात खाली घेतला.

"उतरलं का?" सासूबाईंनी घाबरत विचारलं.

बाबांनी सूप झटकलं. "ह्ये अंगातलं नाय, ह्ये गणित हाय. ह्याला माझ्याकडं उतारा नाय."

पुढचे तीन दिवस सासूबाई स्वतः चिंगीला सांभाळत खडकावर बसल्या, आणि कुणी बोललं की दटावायच्या, "गप! सर सांगतायत ना!"

पेपरात संभाव्यता आली. निकाल लागला. गणितात पस्तीस! मी सरांना मेसेज टाकला, "सर, तुमचं काय द्यायचं?" सरांचं उत्तर आलं, "काही नाही ताई. फुकट आहे."

दुसऱ्या दिवशी भगतबाबा दारात. "शिकवलं मी ना? मग आण कोंबडा!" वर विचारलं, "मार्क किती?"

"पस्तीस," मी मान खाली घालून म्हणाले.

"पस्तीसच? मग कोंबडाच पुरे. साठ असते तर बोकड नेला असता."

जन्मात पहिल्यांदा वाटलं, बरं झालं देवा, मला डोकं बेतानंच दिलंस!