ढगेच्या कॉम्प्युटरवरची हेल्प

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, त्या सोमवारी सकाळी दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयाने आपल्याकडच्या सगळ्या प्रलंबित पेन्शन प्रकरणांचा एका बटणात निकाल लावला. अर्जदारांना तसे मेसेजही गेले: 'आपका प्रकरण बंद किया जाता है.' पेन्शन मात्र कुणालाच मिळाली नव्हती.

मी पोचले तेव्हा सेक्शनमधला प्रत्येक फोन वाजत होता आणि एकही उचलला जात नव्हता. प्रकरणांचा माग ठेवणारं ते सॉफ्टवेअर आमच्या नोएडाच्या कंपनीचं. काही बिघडलं की सपोर्टच्या शेलार मॅडमला, म्हणजे मला, बोलावणं येतं. चहा लगेच मिळतो, पण देणारा आपल्याकडे आरोपी म्हणूनच बघत असतो.

त्या दिवशी मात्र आरोपी आधीच ठरला होता. प्रशांत ढगे, हिंगोलीचा, नोकरीत नवा, अजून प्रोबेशनवर. त्याचा मेमो टाइप होऊन सेक्शनप्रमुख चोप्रासाहेबांच्या टेबलावर सहीची वाट बघत होता. प्रोबेशनवर असा मेमो मिळाला की परतीचं तिकीटच काढायचं.

"इसने सब सिलेक्ट करके आर्काइव दबा दिया," चोप्रासाहेब म्हणाले. "अब कहता है, हेल्प में लिखा था."

"लिखा है, सर," ढगे पुटपुटला. मग माझ्याकडे वळून हळूच, "शेलार म्हणजे, ताई, तुम्ही आपल्याकडच्या का?"

"हो. दाखव कुठं लिहिलंय ते."

आम्ही मराठीत बोललो, आणि चोप्रासाहेबांच्या नजरेत आरोपी दोन झाले.

हेल्प म्हणजे सॉफ्टवेअरसोबतचं माहितीपुस्तक. एफ-वन दाबलं की उघडतं. चोप्रासाहेबांच्या कॉम्प्युटरवर ते इंग्रजीत उघडलं. त्यात लाल अक्षरांत इशारा होता: आर्काइव दाबलंत तर प्रकरण बंद होईल आणि अर्जदाराला मेसेज जाईल. ढगेच्या कॉम्प्युटरवर ते हिंदीत उघडलं. त्यात लिहिलं होतं: महिन्याच्या शेवटी सगळी प्रकरणं निवडून आर्काइव दाबा, प्रत सुरक्षित राहील. एकच सॉफ्टवेअर, एकच सेक्शन, आणि सल्ला उलटा.

"देखा?" चोप्रासाहेब म्हणाले. "कंप्यूटर पढ़ा हुआ लड़का है. खुद टाइप करके डाल दिया."

"बिल्कुल," शेजारच्या टेबलावरच्या भाटिया मॅडम म्हणाल्या. "हिंदी में हेल्प होती ही कहाँ है?"

मी दोन्हीकडे 'अबाउट' उघडलं. दोन्हीकडे तोच आकडा, सहा पॉइंट दोन.

"वर्जन तो एक ही है," चोप्रासाहेब म्हणाले. "मामला बंद."

"मामले तो सुबह से सब बंद ही हैं, सर," मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

इथं बहुतेक लोक फसतात. अबाउटमध्ये दिसतो तो प्रोग्रामचा नंबर. हेल्प वेगळी बसवलेली असते आणि तिचा नंबर वेगळा असतो. घरात नवा कुकर आला आणि ड्रॉवरमध्ये पुस्तिका जुन्या कुकरचीच राहिली, तर डाळीचं जे व्हायचं तेच होतं. म्हणून मी प्रोग्रामच्या फोल्डरमधलं हेल्पचं फोल्डर उघडलं. आत आणखी दोन. इंग्रजी, सहा पॉइंट दोन. हिंदी, चार पॉइंट शून्य. चौथ्या आवृत्तीत आर्काइव म्हणजे नुसती प्रत काढणं होतं. पुढे त्या बटणाचं काम बदललं, इंग्रजी हेल्पही बदलली. हिंदीची कुणी आठवणही काढली नाही.

मग मी फाइल कधी बसवली ते पाहिलं. मागचा सप्टेंबर.

"तू कधी रुजू झालास?"

"जानेवारीत, ताई."

म्हणजे ती त्याने टाकलेली नव्हती. मग कुणी? मी भाटिया मॅडमचा कॉम्प्युटर पाहिला. तिथंही हिंदी फोल्डर, तोच दिवस. पलीकडच्या टेबलावर, तोच दिवस. चोप्रासाहेबांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, तोच दिवस.

"मेरी मशीन में?" चोप्रासाहेब उभे राहिले. "मेरी मशीन में कौन घुसा?"

कुणीतरी टेबलाटेबलावर जाऊन हे केलं होतं. जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. भाटिया मॅडमनी पर्स उचलून मांडीवर घेतली, जणू चोर अजून खोलीतच आहे. मला मनापासून मजा यायला लागली होती, कारण माझी नजर कपाटावरच्या चकचकीत ढालीवर गेली होती. सप्टेंबरात दिल्लीतल्या कार्यालयांत हिंदी पखवाडा, म्हणजे हिंदीचा पंधरवडा असतो. तपासणीला पाहुणे येतात, हिंदीचा वापर बघतात आणि सर्वोत्तम सेक्शनला ढाल देतात.

"हिंदी हेल्प तूच निवडलीस का रे?" मी ढगेला विचारलं.

"हो. सेटिंगमध्ये जाऊन. नोटीस बोर्डावर परिपत्रक आहे ना."

"कसलं?"

तो उठून ते काढून घेऊन आला आणि शाळेत धडा वाचावा तसं उभ्याने वाचू लागला. 'सभी कर्मचारी केवल हिंदी हेल्प का ही उपयोग करें.' खाली सही चोप्रासाहेबांची. सगळ्या सेक्शनमध्ये ते परिपत्रक पाळणारा माणूस एकच होता.

प्रकरणं संध्याकाळपर्यंत पुन्हा उघडली, दिलगिरीचे मेसेज गेले. जुनी हिंदी हेल्प सगळीकडून काढली. ढगे पुढे रीतसर कायम झाला. धंद्यातला धडा एवढाच की आधी पुस्तिकेचा नंबर बघावा, मग माणसावर संशय घ्यावा.

पण मेमो फाटला तो माझ्या तपासाने नव्हे. ढगेने परिपत्रक वाचून संपवलं, सगळी खोली चोप्रासाहेबांकडे बघू लागली, आणि साहेब अगदी कळवळून बोलून गेले:

"अरे ढगे, वो हेल्प पढ़ने के लिए थोड़े ही लगवाई थी."