विलासने बंद ठेवलेली गाडी

बातमी माझ्याकडे प्रश्न होऊन आली. शहापूरच्या बाहेर, महामार्गालगतच्या गोडाऊनमध्ये मी पॅकिंगला आहे. माझा धाकटा भाऊ विलास तिथेच बॅटरीवरचा पॅलेट ट्रक, म्हणजे दांडा धरून चालत न्यायची मालाची गाडी, चालवायचा. दुपारी सुपरवायझर टेबलाशी आला आणि म्हणाला, "तुमचा भाऊ मोबाइल बघत गाडी चालवतो का हो?" मी नाही म्हटलं. मग त्याने सांगितलं, की विलास गाडी आणि रॅकच्या मध्ये चिरडला... आधी दोष, मग बातमी. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय.

विलाससारखा संशयी माणूस आमच्यात दुसरा नव्हता. धसईच्या बाजारात तो भेंडी निवडायला बसला, की भाजीवाली ओरडायची, "आला गो तपासणारा!" गाडीवर तर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. माल उचलण्याआधी तो रिकामी गाडी चालवून दांडा सोडायचा. दांडा आपोआप उभा राहून ब्रेक लागला पाहिजे. मग दांड्याच्या टोकाचं लाल बटण तळहाताने दाबायचा. माणूस गाडी आणि भिंतीत सापडला, तर हेच बटण पोटाला लागून गाडी मागे सरते. मी हसले, तर म्हणाला, "ताई, हिला डोळं नायत. बटण नाय चाललं तर हात लावायचा नाय, सायेब कितीबी बोंबलू दे."

असा माणूस मोबाइल बघताना गेला म्हणे! पण त्याच्या बायकोला, सुनीताला, ते खरं वाटलं. त्या दुपारी तिनेच त्याला फोन केला होता. तेव्हापासून तिने अन्न टाकलं होतं.

इस्पितळातून मिळालेले त्याचे कपडे मी धुवायला घेतले. शर्टाच्या खिशात त्याच गाडीची किल्ली निघाली. गाडी बिघडली की विलास किल्ली खिशात घालायचा आणि मेकॅनिक येईपर्यंत कुणालाच द्यायचा नाही. म्हणजे गाडी त्याने बंद ठेवली होती. मग ती चालली कशी? दुसरी किल्ली असते सुपरवायझरच्या कपाटात. पण नुसत्या संशयावर सुनीताला काय सांगणार? मी किल्ली माझ्याजवळच ठेवली.

विलासच्या पुण्यानुमोदनाला सुपरवायझर सापगावला आमच्या घरी आला. फुलं वाहिली, हात जोडले. मग मला पडवीत गाठून हळूच म्हणाला, "ताई, विलासच्या खिशात एक किल्ली असेल. कंपनीची आहे, देऊन टाका."

मी तर किल्लीचं कुणाला बोललेच नव्हते. म्हणजे विलासने गाडी बंद ठेवली होती, हे याला ठाऊक होतं. माझं डोकंच फिरलं.

"देते की," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "पन आधी सांगा, किल्ली त्याच्या खिशात, तर गाडी कुनी चालवली? तुमच्या कपाटातली किल्ली कुनाला दिलीत?"

जमलेली माणसं वळून बघू लागली. सुपरवायझर चपला शोधू लागला. सुनीता दारात येऊन उभी राहिली होती.

"म्हंजे तो गाडी चालवतच नव्हता?" तिने त्यालाच विचारलं. "माझ्या फोननं नाय ना गेला तो?"

तो चपला घालून अंगणात उतरला.

"नाय गो," मी म्हटलं, आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.

किल्ली मागायला परवा गोडाऊनमधून माणूस आला होता. सुनीताने दार उघडलं नाही.