टोमॅटोच्या क्रेटमधून वाळवंटाकडे

आमच्या घरात मी जेवताना बोलत नसे. रुसवा वगैरे नव्हता, सवयच तशी होती. शाळा इंग्रजी माध्यमाची आणि घर मळ्यातलं. शाळेत जे बोलायचं ते आधी मनात इंग्रजीत जुळवायचं, घरी जे बोलायचं ते मराठीत. दोन्हीकडे वाक्य जुळून होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या कडेला आमचा मळा होता. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो आणि बांधाला झेंडू. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा इमारती आमच्या विहिरीपर्यंत येऊन थांबल्या होत्या आणि पलीकडच्या गॅलरीतून लोक आमची मेथी वाढताना बघत असत. घरात आई, वडील, दादा, वहिनी, मी आणि दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची. ती पावणेदोन वर्षांची होती आणि तिला एकच शब्द नीट येत होता: नको. तो ती जेवणाला, झोपेला, अंघोळीला आणि आवडत्या बिस्किटालाही लावायची.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा दादानं मागून ताडपत्री असलेली एक जुनी जीप घेतली. मार्चमधल्या एका दुपारी जेवताना तो म्हणाला, "गाडी आलीच आहे तर सगळे मिळून कुठंतरी जाऊन येऊ."

आई म्हणाली, वणीची देवी. वहिनी म्हणाली, सटाणा, म्हणजे तिचं माहेर. वडिलांच्या मते माणसानं जायचं ते मार्केटला. आणि मी म्हणाले, "वाळवंट."

वरण वाढणारा आईचा हात तसाच हवेत राहिला. मी जेवताना बोलले याचंच सगळ्यांना आधी आश्चर्य वाटलं. काय बोलले, ते नंतर पोचलं.

"काय हाय तिथं?" वडिलांनी विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच नाय म्हणजे? भाजीपाला?"

"नाही."

"झाडं?"

"थोडी. खुरटी, काटेरी."

"विहिरी?"

"लांब लांब."

वडिलांनी भाकरी ताटात ठेवली. "एवढी जमीन," ते म्हणाले, "आणि कुणी काहीच करत नाय? ते बघायला पायजे."

मला वाळवंट का हवं होतं, ते मी सांगितलं नाही. आमच्या घरात एकही जागा रिकामी नसे. जिन्याखाली क्रेट, पडवीत जुड्या, माझ्या अभ्यासाच्या टेबलाखाली बियाण्याचे डबे. भूगोलाच्या पुस्तकात वाळूच्या टेकड्यांचा एक फोटो होता आणि त्यात कुणीच नव्हतं. सातवीत असल्यापासून मला त्या फोटोत उभं राहायचं होतं.

इंग्रजी कागद घरात आला की तो माझ्याकडे यायचा, म्हणून सहलीची आखणीही माझ्याकडे आली. रविवार कारंज्याजवळच्या रद्दीवाल्याकडे मला परदेशी लोकांसाठी लिहिलेलं एक जाडजूड प्रवासाचं पुस्तक मिळालं. कोपरे कुरतडलेले होते, पण वाळवंटाची पानं शाबूत होती. खतविक्रेत्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर मी नकाशा काढला. आधी सापुताऱ्याकडून गुजरातेत उतरायचं आणि कच्छच्या रणात रानगाढवं बघायची. मग वर राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला वाळूतलं मोठं अभयारण्य, तिथे माळढोक. परतताना काळविटांचं एक गवताळ रान.

आईनं नकाशावर बोट ठेवलं. "इतक्या लांब गाढवं बघायला जायचं?"

"रानगाढवं, आई."

"गंगेवर वाळू वाहतात ती काय वाईट हायेत? ती तर ओळखतात पण आपल्याला." गोदावरीला आई गंगाच म्हणायची.

मी रोज दुपारी एकेक पान वाचून मराठीत सांगायचे आणि वडील पाणी सोडण्याची पाळी असल्यासारखे लक्ष देऊन ऐकायचे. एक ओळ मात्र मी वाचली नाही. जैसलमेरच्या पानाच्या तळाशी, जाड अक्षरात लिहिलं होतं: एप्रिल ते जून इकडे फिरकू नये, लहान मुलांना घेऊन तर मुळीच नाही. मी पान उलटलं.

आमच्या मळ्याला उसंत मिळायची ती मे महिन्यातच. ती ओळ वाचली असती तर वडील म्हणाले असते, "नंतर बघू." 'नंतर बघू'मध्ये आधीच माझ्या शाळेची महाबळेश्वरची सहल होती, माझ्या चष्म्याचा नंबर होता आणि गच्चीवरची एक खोली होती. त्यांच्या शेजारी मला वाळवंट ठेवायचं नव्हतं. तीन महिन्यांचं ऊन म्हणजे नुसतं एका माणसाचं मत, असं मी स्वतःला समजावलं. तो माणूस थंड देशातला होता, त्याला काय सवय.

पोरीचं काय करायचं, हा प्रश्न वडिलांनी स्वतः सोडवला. ते चाळीस वर्षं नाजूक माल उन्हातून नेत होते.

"कोथिंबीर कशी नेतो आपण? पहाटे भरायची, ओल्या गोणीनं झाकायची, दर दीड तासाला पाणी मारायचं, अकराच्या आत सावलीला लावायची. पान कोमेजत नाय. पोराला येगळं काय करायचं?"

वहिनी पोळी लाटायची थांबली. "नाना, माझी पोरगी म्हणजे जुडी आहे का?"

"जुडी परवडली. ती रडत नाय."

पुस्तकात लिहिलं होतं की गाडीत लहान मुलासाठी वेगळी, घट्ट बांधलेली खुर्ची असावी. हे मी वाचून दाखवल्यावर वडील उठले आणि टोमॅटोचा प्लास्टिकचा क्रेट घेऊन आले. त्यात गोधडी चौपदरी घातली, समोरून आडवी दोरी बांधली आणि भाचीला आत बसवलं. आम्ही सगळे 'नको'ची वाट बघत उभे राहिलो. तिनं क्रेटच्या भोकांतून दोन बोटं बाहेर काढली, आमच्याकडे बघितलं आणि हसली. संध्याकाळपर्यंत ती बाहेर यायला तयार नव्हती. जेवली क्रेटमध्ये, झोपली क्रेटमध्ये.

वहिनीनं मात्र अट घातली. आधी एक दिवसाची तालीम करायची. मालेगावपर्यंत जायचं आणि यायचं, सगळं जसंच्या तसं. पोरगी टिकली तर वाळवंट, नाही टिकली तर विषय संपला. मालेगावहून सटाणा अर्थात तासाभरावर होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी आम्ही निघालो. वडिलांनी जीप भरली म्हणजे अक्षरशः भरली. टपावर ओल्या गोण्या, दोन्ही बाजूंना ओल्या गोण्या, मागच्या फाळक्यावर ओली गोणी. क्रेट मधोमध दोरीनं आवळलेला. त्यावर पातळ ओलं फडकं, त्यातून पोरीचं नाक बाहेर.

वहिनी अंगणात येऊन बघतच राहिली. चिडली की ती अहिराणीत बोलायची. "हाई काय शे?" ती म्हणाली. "हाई काय शे हाई?"

"पॅकिंग," वडील म्हणाले.

ओझरपर्यंत बरं चाललं. पुढे ऊन चढलं आणि गोण्यांच्या आत इडलीच्या भांड्यात असावं तसं झालं. मी आणि आई मागे क्रेटच्या दोन बाजूंना, वहिनी आमच्या समोर. आईनं पदरानं वारा घालायला सुरुवात केली. तो वाराही ओलाच होता. वडील पुढे दादाशेजारी मांडीवर घड्याळ धरून बसले होते.

"दीड तास झाला. पाणी मारायची येळ."

"इथे कुठे पाणी?" दादा म्हणाला.

"घे डावीकडं."

डावीकडे हायवेला लागून एक कांदा मार्केट होतं. वडिलांना नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक मार्केटमधली पाण्याची टाकी माहीत होती. दादानं सावली बघून पत्र्याच्या शेडशेजारी गाडी लावली. वडील आणि दादा बादल्या घेऊन टाकीकडे गेले. आई आणि वहिनी पाय मोकळे करायला खाली उतरल्या. गाडीत मी आणि भाची.

सावली बघून लावलेली ती जागा म्हणजे लिलावाची रांग होती. पाच मिनिटांत आमच्या पुढे एक ट्रॅक्टर आला, मागे तीन. ताडपत्रीची जीप, चारी बाजूंनी ओल्या गोण्या. आम्ही रांगेत अगदी शोभून दिसत होतो. मग गोण्यांच्या पलीकडून माणसांचा घोळका पुढे पुढे येताना ऐकू आला. कुणीतरी जोरात पुकारत होतं, कुणीतरी हसत होतं. घोळका आमच्यापाशी थांबला.

"काय माल हाय?"

मी वाक्य जुळवत होते.

"अहो ताई, माल काय? भिजवलाय म्हणजे कोथिंबीर दिसते. इथं फक्त कांदा लागतो, चुकीच्या मार्केटला आलात."

आणि पांढरी टोपी घातलेल्या व्यापाऱ्यानं सवयीच्या हातानं गोणी उचलली, क्रेटवरचं फडकं बाजूला केलं आणि मूठभर माल बघायला हात आत घातला.

"नको," माल म्हणाला.

व्यापाऱ्यानं हात असा मागे घेतला की त्याची टोपीच पडली. शेडच्या पत्र्याला दणका बसावा तसं हसणं उसळलं. "शेठ, माल नको म्हणतोय!" "शेठ, तुम्हाला नापास केलं!" मागच्या ट्रॅक्टरवरची माणसं उड्या मारून बघायला आली.

मला हसू आलं नाही. गोणी उचलल्यामुळे पहिल्यांदाच नीट उजेड आत आला होता आणि मला भाचीचा चेहरा दिसला. केस कपाळाला चिकटलेले, गाल लालबुंद. तो 'नको'ही रोजचा नव्हता, बारीक होता. कांदा निवडणारी एक बाई गर्दीतून पुढे आली आणि तिनं उलटा हात पोरीच्या गालाला लावला.

"लय तापलंय लेकरू. कुठं चाललात एवढ्या उन्हाचं?"

"वाळवंटात," मालेगाव विसरून मी म्हणाले.

"कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

माझ्या डोळ्यांसमोर भूगोलाच्या पुस्तकातला फोटो होता. आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं, जुळवणी न करता. "पुस्तकात लिहिलंय उन्हाळ्यात जाऊ नका. लहान मुलं असतील तर मुळीच जाऊ नका. जाड अक्षरात लिहिलंय. मी वाचून दाखवलं नाही."

मी एवढ्या मोठ्यानं बोलले होते की पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानंही मान वळवली. गर्दीच्या मागे वडील आणि दादा भरलेल्या बादल्या घेऊन उभे होते. त्यांच्या शेजारी आई आणि वहिनी.

वहिनी पुढे आली. तिनं दोरी सोडली, मुलीला उचललं, दादाच्या हातातल्या बादलीतून ओंजळ भरून तिच्या डोक्यावर घातली. एक, दोन, तीन. चौथ्या ओंजळीला पोरगी खिदळली आणि बादलीतच हात घालू लागली. मग वहिनी माझ्याकडे वळली. मी काहीही ऐकायला तयार होते.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही एवढं मोठं बोलता होय? तीन वर्षांत मला माहीतच नाही."

वडील अजून बादली धरून उभे होते. "आधी का नाय बोलली?"

"तुम्ही 'नंतर बघू' म्हणाला असता."

तेवढ्यात टोपी झटकत व्यापारी म्हणाला, "मग दिवाळीनंतर जा की. थंडीत."

"दिवाळीनंतर टोमॅटो असतो," वडील म्हणाले.

"टोमॅटो तर दरवर्षीच असतो, नाना."

वडिलांना दुसऱ्याच्या मार्केटमध्ये कुणी शिकवलेलं आवडत नसे. त्यांनी बादलीतलं पाणी, आणलंच होतं म्हणून, गोण्यांवर मारलं आणि मग एकेक गोणी सोडून खाली टाकली. रांग निघेपर्यंत आम्हाला हलता येत नव्हतं, त्यामुळे पुढचा तासभर आम्ही शेडखाली बसलो. निवडणाऱ्या बायांनी पोरीला ताक पाजलं. ती क्रेट मागत होती. व्यापाऱ्यानं त्याच्याकडचा एक रिकामा क्रेट दिला, तर म्हणाली नको, तिचाच पाहिजे.

मालेगावला आम्ही गेलोच नाही. परतताना मला वाटलं, संपलं. घरी आल्यावर वडिलांनी खतविक्रेत्याचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, नकाशाची बाजू वर केली आणि म्हणाले, "पुस्तक आण. आता सगळं वाच. वाईट वाईट पण."

मी सगळं वाचलं. ऊन, विंचू, खारं पाणी, बंद पेट्रोल पंप, पोट बिघडणं. प्रत्येक वाईट गोष्टीला ते मान डोलवत होते, जणू आता कुठे पुस्तकावर विश्वास बसला. मग त्यांनी कॅलेंडर सुलटं करून डिसेंबरच्या पानावर एक गोल काढला. वहिनीला मेचा अख्खा महिना सटाण्याला पाठवलं, कारण तालमीत तिची वाट अर्धीच राहिली होती. ती गेली तेव्हा क्रेटही गेला.

डिसेंबरात वडिलांनी टोमॅटोचा तोडा शेजारच्या मळेवाल्यांवर सोपवला. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं आणि सापुताऱ्यापर्यंत दर वळणावर मागे बघितलं. रानगाढवं आईला आवडली. "अंगानं बरी हायेत," ती म्हणाली. माळढोक दिसला नाही.

वाळूच्या टेकडीवर आम्ही सकाळी चढलो. समोर खरंच काही नव्हतं. वडिलांनी मूठभर वाळू उचलली, वास घेतला, बोटांतून सोडली, परत उचलली. भाची आता अडीच वर्षांची होती आणि क्रेटमध्ये गुडघे मावत नव्हते, तरी टेकडीवर तो दादाला उचलून आणावा लागला होता. तिनं आत बसून वाळवंट बघितलं.

"पाणी मिळालं तर मेथी येईल," शेवटी वडील म्हणाले.

"बघितलं ना सगळं?" आई म्हणाली. "चला मग."

"थांब जरा," वडील माझ्याकडे बघत म्हणाले. "तिचं होऊ दे."