मागेल ते कागद दे

पस्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली. खून, दरोडे, मारामाऱ्या, सगळं पाहिलं. तरी आजही डोक्यातून जात नाही ती केस निवृत्तीनंतरची आहे आणि तिची नोंद कुठल्याच ठाण्याच्या डायरीत नाही. तेव्हा मी शारजात अल नहदाला मुलीकडे राहत होतो. कामधंदा काही नाही. नातवाला हाक मारायची आणि त्याने "वन मिनिट, आजोबा" म्हणायचं, एवढाच दिनक्रम.

खबर आणली जावयाच्या कंपनीतल्या ड्रायव्हरने. हा राजापूरकडचा. "साहेब, आमच्या रूमवरचा एक जण बायकोला घराबाहेर काढायला निघालाय. जरा बोला त्याच्याशी." मी म्हटलं, नवरा-बायकोच्या भांडणात नोकरीत असताना पडलो तेवढं पुरे. तो म्हणाला, "भांडण नाही साहेब, चोरीचा मामला आहे." मग मात्र मी बूट चढवले. सवय जात नाही.

रविवारी सकाळी दुबईत अल मनखूलला त्यांच्या रूमवर गेलो. एका खोलीत सहा जण, सगळे एकाच तालुक्यातले. ज्याची तक्रार तो पंचेचाळिशीचा, बांधकामाच्या साइटवर शटरिंगचं, म्हणजे स्लॅबचे साचे ठोकायचं काम करणारा. त्याला शटरिंगवालाच म्हणू. गावच्या पतसंस्थेत त्याची सहा लाखांची मुदत ठेव होती. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ती मोडायला फोन केला तर क्लार्क म्हणाला, "या ठेवीवर तुम्ही चार लाखांचं कर्ज उचललंय. गेल्या वर्षी. रोख."

"चार लाख म्हणजे सोळा-सतरा हजार दिरहम, साहेब!" तो तावातावाने सांगत होता. "मी इथे, पावती बायकोच्या कपाटात. दुसरं कोण उचलणार? महिनाअखेरीला माहेरी जा म्हणून सांगितलंय तिला. खलास."

"ती काय म्हणाली?"

"रडते. पुढे मी ऐकूनच घेतलं नाही."

खरं सांगतो, मीही मनातल्या मनात त्या बाईला आरोपी करून टाकलं. घरातून पैसा गेला की आधी घरातलं माणूस बघायचं, ही आमची जुनी खोड. दहातल्या आठ वेळा ती बरोबर ठरते आणि त्यामुळेच ती वाईट.

क्लार्कने कर्जाच्या अर्जाचा फोटो पाठवला होता. तो मोठा करून पाहिला. नक्कल केलेली सही जपून, अडखळत केलेली असते. ही एका झटक्यात मारलेली होती. रक्कम आणि बाकीचा मजकूर मात्र दुसऱ्याच हातचा.

"ही सही तुझीच आहे," मी म्हटलं.

"मी इथे होतो साहेब! पासपोर्ट दाखवू?"

"पासपोर्ट ठेव खिशात. कोऱ्या फॉर्मवर सही कधी केलीस ते आठव."

तो चिडला, उठून गॅलरीत गेला, परत आला आणि पलंगावर बसला. मग हळूहळू आठवलं. या मंडळींत एक रीत आहे. गावी सुट्टीवर जाणारा एकटा जात नाही. सगळ्या रूमची कामं त्याच्या बॅगेतून जातात. कुणाची औषधं, कुणाची सोन्याची चेन, कुणाचे सही केलेले कोरे फॉर्म. नाही म्हणणं म्हणजे गाववाल्यावर अविश्वास दाखवणं. गेल्या वर्षी याच रूमवरचा, त्यांच्या मेसचा हिशेब सांभाळणारा गावी निघाला, तेव्हा ठेवीचं नूतनीकरण करून आण म्हणून शटरिंगवाल्याने दोन कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या. कशाचे फॉर्म ते वाचलंही नव्हतं. आणि पतसंस्थेनेही, सभासद गल्फमध्ये आहे, सही जुळतेय, ओळखीचा माणूस आलाय, म्हणून पैसे देऊन टाकले. संस्थेची चूक लहान नव्हती. पण सहीबरोबर ठेवीची मूळ पावतीही लागली असणार, आणि ती होती बायकोच्या कपाटात.

"मेसवाला पावती मागायला घरी गेला, हे तुला ठाऊक होतं?"

"मीच पाठवला होता."

"मग बायकोला काय सांगितलं होतंस?"

हे त्याला आठवेना. तिथे व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाही, म्हणून ही मंडळी बोलणं रेकॉर्ड करून पाठवतात. मी म्हटलं, फोन काढ आणि गेल्या वर्षीचं शोध. पाऊण तास लागला. सापडलं आणि त्याचाच आवाज खोलीभर ऐकू आला. "ऐक, आपला माणूस येतोय. मागेल ते कागद दे. उगाच शंभर प्रश्न विचारत बसू नको."

त्याच्या खालीच तिचं उत्तर होतं. अकरा सेकंदांचं. त्याने ते कधी लावलंच नव्हतं. न ऐकलेल्या संदेशाची खूण वर्षभर तशीच होती.

"अहो, भाऊजी कर्जाच्या अर्जाचं काहीतरी बोलतायत. तुम्हाला माहीत आहे ना? नाहीतर मी देत नाही. लवकर कळवा."

उत्तर गेलंच नाही, तेव्हा नवऱ्याच्या पहिल्या सांगण्याप्रमाणे तिने पावती देऊन टाकली असणार. शटरिंगवाल्याने ते पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

मेसवाल्याला मी खालच्या कॅफेटेरियात घेऊन बसलो. आरडाओरडा नाही, दमदाटी नाही. तो अधिकार तिथे मला नव्हता आणि गरजही नव्हती. गावी त्याचं घर बांधून होतंय हे ड्रायव्हरकडून कळलं होतं. कडक चहा मागवला आणि विचारलं, "घराचा स्लॅब कधी टाकलास?" त्याने मान खाली घातली. चहा संपेपर्यंत बोलला नाही, मीही पुढे काही विचारलं नाही. गप्प बसलेल्या माणसासमोर गप्प बसता आलं पाहिजे, हे मला एका जुन्या हवालदाराने शिकवलं होतं. शेवटी तो म्हणाला, "साहेब, सहा महिन्यांत भरणार होतो. त्याला कळायच्या आत. आईशप्पथ."

"आणि त्याच्या बायकोचं काय?"

"ते... तिच्यावर येईल असं वाटलं नव्हतं हो."

पण आलं तेव्हाही तो गप्पच बसला होता. त्याच खोलीत, त्याच्याच शेजारच्या पलंगावर. पैशांपेक्षा याचा मला जास्त संताप आला, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याच संध्याकाळी त्याने हाताने कबुली लिहून दिली आणि फीपुरते पैसे पाठवले. बाकीचे दर पगाराला. शटरिंगवाल्याला मी पतसंस्थेकडे लेखी तक्रार करायला लावली. संदेश येण्यासाठी संस्थेत दिलेला त्याच्या भारतातल्या नंबरचं सिम इथे पेटीत बंद पडून होतं. तो नंबरही बदलायला लावला.

कोऱ्या कागदावर सही करू नका, ठेवीचा उतारा दर तीन महिन्यांनी मागवा, आपला चालू नंबर संस्थेत द्या. हे मी आता भेटेल त्या सभासदाला सांगतो. लोक माना डोलावतात आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा फॉर्म देतात. असो.

निघताना शटरिंगवाल्याने माझ्यासमोरच घरी साधा फोन लावला. स्पीकरवर. "अगं, ऐकलं मी. तू तेव्हा पाठवलेलं. आज ऐकलं. चुकलो मी. कुठं जाऊ नको."

 मग ती म्हणाली, "मुलीची फी भरा आधी. आणि पावती आता माझ्याकडेच राहील. कुणीही आलं तरी शंभर प्रश्न विचारणार मी."

तो हो म्हणाला. मी जिना उतरून खाली आलो. पस्तीस वर्षांत मी शेकडो जबाब घेतले. पण त्या दिवशी सकाळी, संशयिताचा जबाब न घेताच मीसुद्धा निकाल देऊन मोकळा झालो होतो. तिचा जबाब तर वर्षभर तयार होता. अकरा सेकंदांचा.